एका घरात तीन-तीन सिस्टीम: हे कुठून सुरू झालं

घरात एकापेक्षा जास्त म्युझिक सिस्टीम दिसल्या की आल्यागेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एवढ्या कशाला?" मग आपण सारवासारव करतो, हा आजोबांचा, तो सेकंडहँड स्वस्तात मिळाला, वगैरे. हौस आहेच, नाही कोण म्हणतंय, पण निम्मा दोष तबकड्यांचा आहे आणि तो फार जुना आहे.

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात यंत्रसामग्री घेऊन आला आणि गायिका गौहर जानचं गाणं रेकॉर्ड केलं. तेव्हा ऐकायला चावीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, त्याला कर्णा, ना वीज ना अॅम्प (अॅम्प्लिफायर). लोखंडी सुई लाखेच्या तबकडीवर दाबून फिरायची आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यात राग मांडायचा आणि शेवटी स्वतःचं नावही सांगायचं. एक घर एक फोनो, तोही बहुतेकांकडे नव्हताच, गल्लीत ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे जाऊन ऐकायचं.

गोंधळ सुरू झाला १९४८ ला. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी (लाँग प्ले तबकडी) काढली, स्पीड मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला वीस मिनिटांच्या वर गाणं. पण त्यासाठी खाचा बारीक केल्या. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या, म्हणजे ७८ च्या सुईचं टोक इंचाच्या तीन हजारांशाचं, एलपीचं एक हजारांशाचं. म्हणजे जुन्या फोनोवर एलपी लावली तर एलपी गेलीच म्हणून समजा, आणि एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर गोळा करते. पुढच्याच वर्षी आरसीए कंपनीने ४५ फेऱ्यांची तबकडी आणली, तिला मधे मोठं भोक! यावर तोडगा म्हणून उलटी-सुलटी करता येणारी दुहेरी सुई निघाली, आपल्याकडच्या जुन्या प्लेयरमध्ये ती कळ फिरवलेली अनेकांना आठवत असेल. काम चालायचं, पण चालायचं इतकंच.

आणि नुसत्या सुईवर भागत नाही. तबकडी कापताना खर्जाचा भाग मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील, आणि वरचा टिपेचा भाग वाढवतात, आणि वाजवताना प्रीअॅम्पने (सुईकडून येणारा बारीक आवाज अॅम्पच्या आधी वाढवणारा डबा) हे सगळं बरोब्बर उलटं करायचं असतं. हे किती दाबायचं किती वाढवायचं याचं सगळ्यांसाठी एक माप अमेरिकेत ठरलं १९५४ मध्ये, त्याला आरआयएए म्हणतात, त्याआधी ज्या त्या कंपनीचं आपापलं माप. म्हणजे आजच्या प्रीअॅम्पवर जुनी ७८ लावली की एकतर बोदी वाटते नाहीतर कर्कश. त्यात सुरुवातीच्या तबकड्यांचा स्पीडही नेमका ७८ नसायचा. ७८ ची तबकडी ७४ वर फिरली तर गवयाची काळी एक जवळपास पांढरी एक होते, आणि आपण भोळेपणाने म्हणतो की काय खालच्या पट्टीत गायलेत बुवा. तर ज्याला जुनी ७८ नीट ऐकायचीय त्याला वेगळा टर्नटेबल (स्पीड कमीजास्त करता येणारा), वेगळी सुई, वेगळा प्रीअॅम्प लागतो, आणि या तबकड्या मोनो, तेव्हा स्पीकर एकच पुरतो. झाली ना दुसरी सिस्टीम? कुणी शौक म्हणून नाही मागितली.

दुसरं कारण अॅम्प आणि स्पीकरच्या भांडणाचं आहे आणि माझ्या मते खरी मजा इथे आहे. व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) जमान्यात पॉवर महाग होती. ३००बी ही वेस्टर्न इलेक्ट्रिकची प्रसिद्ध व्हॉल्व्ह, एकटी वापरली तर साधारण ८ वॅट देते, बास. त्यामुळे स्पीकर असे लागायचे की थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज काढतील, म्हणजे भोंग्याचे, कपाटाएवढे, पॉल क्लिप्शने १९४६ मध्ये बनवलेला तर खोलीचा कोपराच अडवायचा. मग १९५४ मध्ये एडगर व्हिलचर या माणसाने एआर-१ आणला, पूर्ण बंद पेटी, आतली हवाच स्प्रिंगसारखी वापरायची, लहान डब्यातून खोल खर्ज. सगळं छान, पण या डब्याला पॉवर दाबून लागते. हिशोब असा, दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट. एका वॅटला ९० डेसिबल देणारा स्पीकर ८ वॅटवर ९९ ला पोचतो, तिथेच पोचायला ८२ वाल्याला ५० वॅट लागतात. पुढे ट्रान्झिस्टर आले, वॅट स्वस्त झाले, आणि दोन जाती कायमच्या वेगळ्या पडल्या. सत्तरच्या दशकात बीबीसीने ओबी व्हॅनच्या (स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करायची गाडी) अडचणीच्या जागेत बोलणं तपासायला एलएस३/५ए हा चिमुकला स्पीकर बनवला, तो माणसाच्या आवाजाला इतका खरा की आजही लोक शोधत फिरतात, ख्याल नाट्यगीत ऐकावं तर त्यावर, पण पखवाज लावला की बिचारा हात टेकतो, आणि ८ वॅटच्या व्हॉल्व्ह अॅम्पला तो जोडणं म्हणजे लुनाला ट्रॉली लावणं. मोठे भोंगेवाले पखवाज पेलतात पण छोट्या खोलीत गवई दहा फूट रुंद दिसायला लागतो. दोन्ही पाहिजे असेल तर दोन सेट ठेवा, दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही. जपानमध्ये हौशी लोकांनी थिएटरातली जुनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची धुडं विकत घेऊन आपल्या एवढ्याशा घरात बसवली, ३००बीला पुन्हा चांगले दिवस आले त्यात त्यांचा हात मोठा.

आपल्याकडची गोष्ट मात्र वेगळी. इथे दुसरी सिस्टीम कुणी आणली नाही, पहिली टाकवली नाही म्हणून झाली. रेडिओ घ्यायचा म्हणजे पोस्टातून लायसन्स काढायचं, ठाण्याला बनलेला मर्फी एकदा घरात आला की पंचवीस वर्षं हलायचा नाही, वर विणलेला रुमाल. ज्यांना परवडायचा त्यांच्याकडे रेडिओग्राम, रेडिओ आणि प्लेयर एकाच कपाटात. मग दुबईहून कुणीतरी टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) आणलं, कारण परदेशी मालावर ड्युटी इतकी की दुकानातून घेणं विसराच, मग आला डबल कॅसेट डेक, कॉस्मिक नाहीतर सोनोडाइनचा अॅम्प, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एसटीके आयसी (अॅम्पची तयार चिप) आणून ओळखीच्या मुलाकडून असेंबल करून घेतलेला, ज्याचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोच. सीडी जगात १९८२ ला आली, आपल्या मध्यमवर्गात पोचायला नव्वदचं दशक उजाडलं, आणि त्याच दशकात इथल्या नव्या एलपी आटल्या. प्रत्येक वेळी जुना सेट एक पायरी वर, आधी आतल्या खोलीत, मग माळ्यावर. नंतर होम थिएटरने हॉल बळकावला, सहा स्पीकर, धडामधुडूम, त्यावर गाणं ऐकवेना म्हणून माळ्यावरचं पुन्हा खाली. मुंबईतलं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं पण चोरबाजारात तबकड्यांचे गठ्ठे आहेतच, आणि गठ्ठा घरी आला की वाजवायला काहीतरी लागतंच.

एक अडचण मात्र खरी. १९७३ ला स्कॉटलंडमध्ये सुरू झालेल्या लिन कंपनीचा आग्रह असायचा की दुकानात डेमोच्या खोलीत स्पीकरची एकच जोडी हवी, कारण गप्प बसलेले स्पीकरही गाण्याबरोबर थरथरतात आणि आवाज गढूळ करतात. त्यांचं विकायचं तंत्र असेल, पण थरथरतात हे खरंय, लावलेल्या गाण्यात बंद स्पीकरच्या कोनवर (पुढच्या हलत्या पडद्यावर) हलकेच बोट ठेवून बघा. माझ्याकडे एकाच खोलीत दोन जोड्या आहेत, मग मी बंद असलेल्या जोडीच्या वायरी अॅम्पमधून काढतो (आधी काढायच्या, नाहीतर अॅम्प जळेल) आणि स्पीकरची लाल-काळी टोकं तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडून ठेवतो, तसं केलं की कोन जरा आखडतो आणि कमी हलतो. आजोबांच्या मर्फीला हे करता येत नाही, त्याला मी चादर घालतो.