थर्टीन (ब्लॅक सॅबथचा अल्बम)

‘थर्टीन’ हा ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडचा एकोणिसावा आणि अखेरचा स्टुडिओ अल्बम जून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बँडच्या नावाने नवा स्टुडिओ अल्बम येत होता तो १९९५ नंतर प्रथमच. परंतु गायक ऑझी ऑस्बॉर्न यांच्या आवाजातील अल्बमची प्रतीक्षा त्याहून कितीतरी जुनी, म्हणजे १९७८ पासूनची, ३५ वर्षांची होती.

बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतून आलेल्या ऑस्बॉर्न, टोनी आयोमी (गिटार), गीझर बटलर (बास) आणि बिल वॉर्ड (ड्रम्स) या चौघांनी १९७० मध्ये हेवी मेटल या जड, दणदणीत आवाजाच्या रॉक शैलीचा पाया घातला. १९७९ मध्ये ऑस्बॉर्न यांना बँडमधून काढण्यात आले. १९९७ मध्ये मूळ चमू मैफलींसाठी पुन्हा जमला आणि २००१ मध्ये निर्माते रिक रुबिन यांच्यासह नव्या अल्बमचे कामही सुरू झाले, मात्र ते अर्धवट राहिले. पुढे ११ नोव्हेंबर २०११ रोजी लॉस एंजेलिसमध्ये चौघांनी एकत्र येऊन अल्बमची घोषणा केली, तेव्हा ही प्रतीक्षा संपल्यासारखी वाटली.

त्यानंतरच्या काही महिन्यांत दोन आघात झाले. आयोमी यांना लसिका ग्रंथींचा कर्करोग असल्याचे जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झाले आणि त्यांच्या उपचारांसाठी गीतरचनेचे काम इंग्लंडला हलवावे लागले. किशोरवयात कारखान्यातील यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावूनही, त्यांवर घरी बनवलेल्या टोप्या चढवून गिटार वाजवणाऱ्या या वादकाने उपचार चालू असतानाच अल्बमच्या रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या सुरावटी) रचल्या, ही गोष्ट अल्बम ऐकताना विसरता येत नाही. दुसरीकडे, सही करण्याजोगा करार मिळत नसल्याचे सांगून वॉर्ड बाजूला झाले. त्यांच्या जागी रेज अगेन्स्ट द मशीन या अमेरिकन रॉक बँडचे ब्रॅड विल्क यांनी ड्रम्स वाजवले. विल्क यांचे वादन नेटके आणि जोरकस आहे. परंतु तालाला किंचित मागे खेचत त्यात जॅझची लवचीकता आणणारी वॉर्ड यांची शैली येथे नाही आणि ती उणीव जाणवते.

रुबिन यांनी वादकांसमोर जेमतेम एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेला १९७० चा पहिला अल्बम ठेवला आणि हेवी मेटलचा विचार बाजूला ठेवायला सांगितले. कॅलिफोर्नियातील मालिबू येथे ध्वनिमुद्रित झालेल्या या आठ गाण्यांत म्हणूनच विलंबित लय, मध्येच पालटणारा वेग आणि ब्लूजचा ठसा ठळक आहे. ‘एंड ऑफ द बिगिनिंग’ची रचना बँडच्या नावाच्याच पहिल्या गाण्याच्या वळणाने जाते, तर ‘डॅमेज्ड सोल’मध्ये ऑस्बॉर्न यांच्या हार्मोनिकाचे सूर ऐकू येतात. जवळजवळ नऊ मिनिटांच्या ‘गॉड इज डेड?’ या गाण्याला २०१४ मध्ये मेटल सादरीकरणाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. स्वतःच्याच जुन्या वळणांची पुनरावृत्ती केल्याचा आक्षेप काही समीक्षकांनी घेतला. तो काही अंशी खरा असला, तरी ही पुनरावृत्ती हेतुपुरस्सर होती. आवाजाची पातळी मात्र मास्टरिंगमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणावरील अखेरच्या संस्कारात, इतकी चढवली आहे की वाद्यांमधील मोकळी जागा बुजून जाते. हा दोष अधिक गंभीर आहे.

ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला. तेथे बँडला हे स्थान यापूर्वी १९७० मध्ये, सुमारे ४३ वर्षांपूर्वी मिळाले होते. अमेरिकेत ते प्रथमच मिळाले.

‘थर्टीन’च्या आठ गाण्यांतील शेवटचे गाणे ‘डिअर फादर’ पाऊस, मेघगर्जना आणि घंटानाद यांत विरत जाते. १९७० च्या पहिल्या अल्बमची सुरुवात याच आवाजांनी झाली होती. यानंतर बँडने पूर्ण अल्बम केला नाही. वॉर्ड यांच्यासह चौघे मूळ वादक पुन्हा एका मंचावर आले ते ५ जुलै २०२५ रोजी, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर. त्यानंतर सतरा दिवसांनी ऑस्बॉर्न यांचे निधन झाले.