रंजक पेटली, बार फुसका

चकमकीच्या बंदुकीचा चाप ओढला की लगेच बार उडत नाही. आधी घोडा खाली येतो, त्यात धरलेली गारगोटी पोलादावर घासते आणि ठिणग्या पडतात त्या नळीबाहेरच्या बारीकशा पेल्यातल्या रंजकीवर, म्हणजे बार पेटवण्यापुरत्या चिमूटभर दारूवर. रंजक भडकते, तिची ज्योत कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, आत शिरते आणि मग कुठे नळीतली दारू पेटते. सगळा खेळ सेकंदाच्या छोट्याशा अंशाचा. पण स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीचे पाद्री अलेक्झांडर फॉर्साइथ यांची शिकार हुकायला तेवढा अंश पुरायचा. पेल्यातला जाळ दिसला की पक्षी हलायचे आणि छर्रे पोचायचे रिकाम्या जागी. हवा दमट असली तर आणखी पंचाईत. काळी दारू ओल धरते. रंजक नुसती फुरफुरते आणि बार फुसका निघतो. पाद्रीबुवांना रसायनांचा नाद होता. ठोका बसताच भडका घेणारं मिश्रण वापरून त्यांनी तो उघड्यावरचा जाळच काढून टाकला आणि १८०७ मध्ये पेटंट मिळवलं. ठोक्यानं पेटणारं मिश्रण छोट्या टोपीत भरलेली टोपीची बंदूक आली ती पुढे याच वाटेनं.

ही गोष्ट मला आवडते, कारण त्यांची बंदूक बिघडलेली नव्हती. जशी बनवली तशीच ती चालत होती. नडत होती ती पक्ष्याची नजर आणि हवेतली ओल, आणि दुकानात वस्तू हातात घेऊन पाहताना या दोन्ही गोष्टी समोर नसतात. शिकारीच्या साहित्याबद्दलच्या आजच्या तक्रारीही पुष्कळदा याच जातीच्या निघतात. (शिकार न पटणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. हेच कोट आणि हेच कॅमेरे घेऊन वन्यजीव अभ्यासकही रानात जातात.)

घाम बाहेर सोडणारा जलरोधक कोट घ्या. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी हिसका देऊन ताणली, तेव्हा ती तुटण्याऐवजी लांबत गेली आणि असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पदार्थ हाती आला. त्याच्या पडद्यातली छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठी. पाऊस बाहेर राहतो, घामाची वाफ निघून जाते. मग महागडा कोट घालून दिवसभर रान तुडवलेला माणूस आतून चिंब का होतो?

कारण वाफेला कोणी बाहेर ढकलत नाही. ती जास्त बाष्पदाबाकडून कमी बाष्पदाबाकडे जाते, एवढंच. कोटाच्या आत ३० अंश सेल्सिअसची, घामानं संपृक्त हवा आहे असं धरू. तिचा बाष्पदाब सुमारे ४.२ किलोपास्कल. बाहेर ५ अंशांचा गारठा असेल, तर भर पावसातही तिथला बाष्पदाब ०.९च्या वर जात नाही. वाफेला चांगला उतार मिळतो. पण पाऊस २८ अंशांच्या उष्ण जंगलात पडत असेल तर बाहेरचाच आकडा ३.८ होतो. उतार उरतो ०.४चा, म्हणजे जवळजवळ आठपट कमी. वर चढण चढताना घाम वाढलेला. त्यात कोटाच्या बाहेरच्या कापडावरचं पाणी झटकणारं लेपन धुण्यांनी आणि घासण्यानं झिजलं की ते कापड भिजून बसतं, आणि त्यावर साचलेला पाण्याचा थर वाफेची उरलीसुरली वाट अडवतो. मालक म्हणतो, कोट गळतो. गळत काहीच नसतं, तो स्वतःच्याच घामात भिजलेला असतो.

कपड्यांचीच दुसरी गोष्ट याहून गमतीची. पानापाचोळ्याचे ठसे असलेला पोशाख माणसाच्या डोळ्यांना झाडीत विरून जातो, पण तो ज्याच्यापासून लपण्यासाठी आहे त्या प्राण्याचा डोळा वेगळा. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, हरणाच्या डोळ्यांत दोनच. पांढऱ्या शेपटीच्या हरणात त्यांतली एक सुमारे ४५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला आणि दुसरी सुमारे ५३७ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देते. शिकाऱ्यांनी एकमेकांवर गोळी झाडू नये म्हणून घालायचा तो भडक नारिंगी रंग ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा. आपले डोळे दिपतात, हरणाला तो निस्तेज दिसतो. इथवर सगळं शिकाऱ्याच्या फायद्याचं.

मग पोशाख धुवायला जातो. कपडे उजळ दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरींत ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असतात. ते अतिनील प्रकाश शोषतात आणि ४२० ते ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या रूपात परत सोडतात. हरणाची निळी शंकुपेशी नेमकी तिथेच तीक्ष्ण आहे. आपल्या डोळ्याचं भिंग बहुतेक अतिनील प्रकाश अडवतं. हरणाचं भिंग त्यातला काही आत येऊ देतं. भरीस भर म्हणजे सूर्य क्षितिजाखाली असतानाचा संधिप्रकाश निळसर असतो, आणि शिकारी दबा धरून बसतो तो नेमका त्याच वेळी. हिरव्या-तपकिरी कापडातून माणूस निळसर उजळून निघालेला असतो, आणि हे त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना सहसा जाणवत नाही!

वास लपवणाऱ्या कपड्यांबद्दल मी जरा कडकच बोलेन. त्यांत सक्रिय कार्बन असतो आणि तो खरोखर अजब पदार्थ आहे. एका ग्रॅममधल्या छिद्रांचं अंतर्गत पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाऊ शकतं, आणि त्यावर वासाचे रेणू चिकटून बसतात. पण त्याला माणसाचा वास आणि गाडीतल्या इंधनाचा वास यांत फरक करता येत नाही, त्यामुळे रानात पोचण्याआधीच त्याच्या बऱ्याच जागा भरलेल्या असतात. कपडे वाळवण्याच्या यंत्रात फिरवले की कार्बन ताजा होतो, असं सांगतात. यंत्राची उष्णता साधारण ६०-७० अंशांची. कारखान्यांत हाच कार्बन पुन्हा वापरायचा तर वाफ सोडून ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापवतात. सैल चिकटलेले हलके रेणू घरच्या यंत्रात निघतील, घट्ट बसलेले हलणार नाहीत. शिवाय माणसाचं तोंड उघडंच असतं, श्वासाचा वास सुटतोच. असे पोशाख घातलेली माणसं शोधकुत्र्यांकडून हुडकवून घेण्याचा प्रयोग झाला आहे. कुत्र्यांनी ती शोधून काढली.

थंडीचा फटका सरळसोट असतो. बंदुकीतलं तेल घट्ट होतं, फटका मारणारी सुई मंदावते आणि ‘टक’ आवाजाखेरीज काही होत नाही. अल्कलाइन सेलमधलं द्रावण पाण्याचं. गारठ्यात त्यातले आयन रेंगाळतात, अंतर्गत रोध वाढतो आणि उपकरण मान टाकतं. तोच सेल खिशात ऊब दिल्यावर पुन्हा चालतो. लिथियम-आयर्न डायसल्फाइडचे सेल उणे ४० अंशांपर्यंत काम देतात, कारण त्यांत पाणीच नसतं.

झाडाला बांधून ठेवायच्या कॅमेऱ्याचं मात्र उलट, त्याला उन्हाळा नडतो. त्यातला संवेदक समोरच्या वेगवेगळ्या पट्ट्यांतून येणाऱ्या अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या, किरणांत अचानक पडणारा फरक टिपतो. दुपारी हवा आणि जमीन प्राण्याच्या केसाळ अंगाइतकी तापली की फरकच उरत नाही. जनावर समोरून निघून जातं, फोटो नाही. उन्हात तापलेलं गवत वाऱ्यानं डुललं की मात्र फोटोंवर फोटो. थेट कॅमेऱ्याच्या रोखानं चालत येणारं जनावरही तो उशिरा ओळखतो, कारण ते पट्ट्या ओलांडत नाही. पायवाटेच्या तोंडाशी सरळ रोखलेला कॅमेरा म्हणूनच जरा तिरपा लावावा.

राहिलं अंतर मोजणारं लेझर यंत्र. १०० मीटरवरून प्रकाश परत यायला साधारण ६६७ नॅनोसेकंद लागतात आणि यंत्र तेवढा वेळ मोजतं. एका झोताचे प्रतिध्वनी मात्र अनेक येतात, गवताच्या काडीवरून, धुक्याच्या थेंबांवरून, मागच्या झाडावरून. गोल्फच्या यंत्राला पहिला प्रतिध्वनी हवा असतो, कारण चेंडू घालायच्या भोकातला झेंडा झाडीच्या पुढे उभा असतो. शिकाऱ्याला हवा असतो शेवटचा, कारण हरीण गवताच्या मागे असतं. गोल्फचं यंत्र घेऊन रानात गेलेल्याला समोरच्या गवताचं अंतर मीटरभराच्या अचूकतेनं कळतं, आणि गोळी जायची असते त्याच्या चाळीस मीटर पलीकडे.