कॅल्क्युलेटरला पेनड्राइव्ह: नाद जुना, कुलूप नवं

कोल्हापुरात ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे स्क्रीनवर आलेख काढून दाखवणारा, मागितला की दुकानदार बहुतेक वेळा कॅसिओचा साधा सायंटिफिक ९९१ पुढे सरकवतो. त्याचं चूक नाही. इंजिनिअरिंगच्या परीक्षेला नॉन-प्रोग्रॅमेबल सायंटिफिक चालतो, जेईईला तोही नाही, आणि गेटला २०१६ पासून स्क्रीनवरचाच वापरायचा. त्यामुळे इथे ज्यांच्याकडे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा (टीआय) ग्राफिंग कॅल्क्युलेटर टीआय-८४ आहे, त्यांना तो अमेरिकेतल्या मावशीने नाहीतर चुलतभावाने आणून दिलेला असतो. परीक्षेला उपयोग शून्य, म्हणजे उरतो तो निव्वळ नाद. त्यातलाच एक, कॅल्क्युलेटरला पेनड्राइव्ह जोडण्याचा.

पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर कॅसिओने १९८५ मध्ये आणला. मेमरीत जागा कमी, ही अडचण तेव्हापासूनच. एचपीने ४८एसएक्सला १९९० मध्ये मेमरी कार्डासाठी दोन खाचा दिल्या आणि ४९जी+ ला २००३ मध्ये एसडी कार्ड. म्हणजे एचपीवाल्यांना बाहेरची मेमरी कंपनीकडूनच मिळाली. टीआयवाल्यांना ती स्वतः जोडावी लागली, आणि खरी मजा तिथेच आहे.

१९९९ च्या टीआय-८३ प्लसमध्ये वापरायला रॅम सुमारे २४ केबी. बाहेरच्या जगाशी संबंध अडीच मिलिमीटरच्या जॅकमधल्या दोन तारांवरून, एकेक बिट. २००४ मध्ये टीआय-८४ प्लसला यूएसबी पोर्ट आला. कंपनीने तो दिला कॉम्प्युटरला जोडण्यासाठी, पण आतली चिप होस्टचंही, म्हणजे दुसरं उपकरण स्वतःला जोडून घेऊन चालवण्याचंही, काम करू शकत होती. हौशी मंडळींनी असेंब्लीत (प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत) ड्रायव्हर लिहून तिला कामाला लावलं आणि पेनड्राइव्ह वाचला. एक जीबीच्या ड्राइव्हवर चार केबीचे क्लस्टर, म्हणजे जागेचे तुकडे, धरले, तर कुठली फाइल कुठल्या तुकड्यांत आहे हे सांगणारा फॅट३२ पद्धतीचा नुसता तक्ताच एक एमबीचा होतो. रॅमच्या चाळीसपट! म्हणून ५१२ बाइटचा एकेक सेक्टर (ड्राइव्हवरचा सर्वांत छोटा कप्पा) आणायचा, बघायचा, टाकून द्यायचा. शिवाय ड्राइव्हला वीज पुरवायची ती चार ट्रिपल-ए सेलमधून.

तांत्रिक भाग इथे जवळजवळ संपतो. पुढचं भांडण परवानगीचं.

त्याची पहिली फेरी २००९ मध्ये झाली. टीआय-८३ प्लसची ऑपरेटिंग सिस्टीम कंपनीने ५१२ बिटांच्या आरएसए किल्लीने, म्हणजे गुप्त ठेवलेल्या प्रचंड आकड्यांनी, सही केलेली होती; ती सही नसलेली सिस्टीम यंत्र घेत नसे. एवढ्या लांबीची किल्ली फोडून दाखवली गेली ती १९९९ मध्येच, म्हणजे हे यंत्र बाजारात आलं त्याच वर्षी, शेकडो कॉम्प्युटर लावून. दहा वर्षांनी एका हौशी माणसाने घरच्या कॉम्प्युटरवर काही महिन्यांत तेच केलं. कंपनीने कॉपीराइट कायद्याच्या नोटिसा धाडल्या, डिजिटल हक्कांची एक संस्था मध्ये पडली, आणि किल्लीचे आकडे तोवर जगभर पसरले होते. पेनड्राइव्हला या किल्लीची गरज नव्हती, हे मात्र अनेकदा विसरलं जातं. ती हवी होती स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम चढवायला.

पेनड्राइव्हच्या मुळावर आला तो २०२० चा निर्णय. २०१५ च्या टीआय-८४ प्लस सीईवर ४८ मेगाहर्ट्झचा ईझी८० प्रोसेसर आहे आणि पेनड्राइव्ह व त्यावरच्या फाइल वाचण्यासाठी हौशींनीच लिहिलेल्या लायब्ररी (तयार कोडचे संच) आहेत. त्या चालतात नेटिव्ह कोडवर, म्हणजे थेट प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रोग्रामवर. कंपनीने ऑपरेटिंग सिस्टीमच्या नव्या आवृत्तीत असेंब्ली आणि सीचे प्रोग्राम चालवण्याची सोयच काढली. कारण सांगितलं परीक्षेच्या सुरक्षिततेचं. परीक्षेपुरती साठवलेली माहिती व प्रोग्राम बंद ठेवणाऱ्या एक्झाम मोडला चकवण्याचे प्रकार उघड झाले होते, तेव्हा हे कारण खोटं म्हणता येत नाही. अमेरिकेत एसएटीला, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला, १९९४ पासून कॅल्क्युलेटर चालतो. परीक्षेचा विश्वास उडाला तर कंपनीचा धंदाच बसेल.

पण इथल्या, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मुलाने कुठल्या परीक्षेत फसवणूक करायची? त्याच्या परीक्षेला हे यंत्र दारातूनच परत पाठवतात, आणि तरी कुलूप त्याच्याही यंत्राला. परीक्षेपुरतं बंद आणि घरी खुलं, अशी व्यवस्था अशक्य नव्हती. एक्झाम मोड मुळात त्यासाठीच होता. तो पक्का करण्याऐवजी सगळ्यांचंच दार लावून घेणं स्वस्त पडलं असावं, असं मला वाटतं.

काही महिन्यांतच हौशींनी या कुलपालाही वाट काढली आणि नेटिव्ह प्रोग्राम पुन्हा चालू लागले. तरी प्रत्येक अपडेटला धाकधूक असते. त्यामुळे जुनं सीई घेताना इथली मंडळी स्क्रीनवरचे ओरखडे नंतर बघतात. आधी विचारतात, ऑपरेटिंग सिस्टीम २०२० च्या आधीची आहे की नंतरची.