पैशांसोबत येणारी पत्रं

चीनच्या ग्वांगडोंग प्रांताचा पूर्व किनारा म्हणजे चाओशान. चाओचौ आणि शांतोऊ ही तिथली मोठी शहरं. इथल्या तेओच्यू लोकांचे पूर्वज शेजारच्या फूच्येन प्रांतातून पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले, म्हणून त्यांची बोली दक्षिण मिन या चिनी बोलींच्या गटात मोडते. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून काढायचा 'फ' तिच्यात नाही, कारण तो उच्चार चिनीत रुजण्याआधीच ही शाखा फुटली होती. बीजिंगच्या माणसाला ती बोली कळत नाही.

जमीन थोडी, माणसं फार आणि वर चक्रीवादळं. 1922 च्या एकाच वादळात पन्नास हजारांहून अधिक माणसं दगावली. समोरचा समुद्र मात्र मोकळा होता. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणारे मोसमी वारे शिडाची जहाजं दक्षिणेला सयामपर्यंत, म्हणजे आजच्या थायलंडपर्यंत नेत आणि उन्हाळ्यात वारा फिरला की परत आणत. तिथला राजा ताकसिन (राज्यकाल 1767 ते 1782) हा तेओच्यू बापाचा मुलगा. 1860 मध्ये शांतोऊ बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, आगबोटी आल्या आणि माणसांचा लोंढा सिंगापूर, मलाया, कंबोडिया, व्हिएतनामकडे निघाला. थायलंडच्या चिनी वंशाच्या लोकांत आजही निम्म्याहून अधिक तेओच्यू आहेत.

गेलेल्या माणसाचं घराशी नातं टिकवलं ते 'चिआओपी'नं. पत्र आणि पैसे एकत्र पाठवायची ही पद्धत. कोकणातल्या घरांना मुंबईच्या मनीऑर्डरीचं मोल वेगळं सांगायला नको. फरक इतकाच, की ही व्यवस्था सरकारनं नव्हे, व्यापाऱ्यांनी उभारली होती. बँकॉकमधला हमाल ओळखीच्या पेढीत जाई. लिहिता येत नसेल तर मजकूर सांगून लिहवून घेई. लिफाफ्यावर घरच्यांचं नाव, गाव आणि कोपऱ्यात रक्कम. हातात पैसे नसले, तरी पेढी कधी कधी पदरचे घालून पत्र रवाना करी. शांतोऊला गठ्ठे फुटत आणि पेढीचा माणूस पायी गावोगाव फिरून रक्कम हातात देई. घरच्यांनी तिथल्या तिथे चार ओळींचं उत्तर लिहून द्यायचं. तेच उत्तर पोचपावती म्हणून समुद्रापार जाई. पैसे बुडवले तर पेढीचं नाव गावभर होणार, पुढे तिच्याकडे कोण फिरकेल? माझ्या मते या व्यवस्थेची खरी ताकद कायद्यापेक्षा या धाकात होती.

दुसऱ्या महायुद्धात तिची सर्वांत कठीण परीक्षा झाली. जून 1939 मध्ये जपाननं शांतोऊ घेतलं आणि 1941 अखेर आग्नेय आशियातही युद्ध पेटलं. समुद्रमार्ग तुटला. तेव्हा व्हिएतनामच्या सीमेवरच्या तोंगशिंग गावातून, डोंगरदऱ्या ओलांडत पैसे पोचवायची वाट काढली गेली. 1943 मध्ये चाओशानात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा या वाटेनं आलेल्या पैशांवर कितीतरी चुली पेटल्या.

अशी सुमारे 1,60,000 कागदपत्रं जपली गेली आणि 2013 मध्ये युनेस्कोनं जागतिक स्मृती नोंदवहीत त्यांचा समावेश केला. स्थलांतराच्या बहुतेक नोंदी सरकारांनी आणि जहाज कंपन्यांनी ठेवल्या, त्यांत माणूस म्हणजे एक आकडा. इथे मात्र कुणाचं कर्ज आधी फेडायचं, आईच्या औषधाला किती ठेवायचे, धाकट्याला शाळेत घालायचं की नाही, हे सगळं त्या माणसाच्याच शब्दांत वाचायला मिळतं.