वंशावळीची वही आणि बडोद्याचे घोडे

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर मिळणाऱ्या रेसबुकात प्रत्येक घोड्यासोबत त्याच्या बापाचं आणि आईचं नाव छापलेलं असतं. भाव, वजन आणि जॉकी बघणारी नजर त्यावरून सरकून जाते. थरोब्रेडची, म्हणजे शर्यतीच्या खास वाणाच्या घोड्याची, सगळी कहाणी मात्र त्या दोन नावांत आहे.

थरोब्रेडला आपण 'जातिवंत' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. जातिवंत तर काठेवाडीही असतो, अरबीही असतो. मुंबईत कितीतरी वर्षं अरबी घोडे धावले. आखातातून गलबतांनी ते इथे उतरत. थरोब्रेड म्हणजे ज्याचं घराणं वंशावळीच्या वहीत सापडतं तो घोडा. इंग्लंडात ही वही १७९१ साली निघाली. आज धावणाऱ्या प्रत्येक थरोब्रेडची बापाकडची ओळ तिथे गेलेल्या तीन पौर्वात्य घोड्यांपैकी एकापाशी पोचते.

वहीतली नोंद किती अन्याय करू शकते, हे १९१३ साली दिसलं. न्यूयॉर्कमध्ये पैजांवर बंदी आल्यानं अमेरिकन घोडे इंग्लंडात येऊ लागले होते. तेव्हा वही चालवणाऱ्यांनी ठरवलं की आईबापांची प्रत्येक ओळ आधीच्या नोंदींपर्यंत पोचली तरच नाव घ्यायचं. अमेरिकेतल्या जुन्या नोंदी अपुऱ्या होत्या, त्यामुळे तिथली उत्तमोत्तम घराणी एका फटक्यात 'हाफब्रेड', म्हणजे अर्ध्या जातीची, ठरली. शुद्धतेचं नाव पुढे केलं, पण मला यात इंग्लिश पैदासदारांचा बाजार सांभाळणंच दिसतं. पुढच्याच वर्षी, १९१४ साली, एप्सम डर्बी ही इंग्लंडातली मानाची शर्यत जिंकली ती 'दरबार' या फ्रान्समध्ये जन्मलेल्या घोड्यानं. त्याच्या आईकडे अमेरिकन रक्त होतं. डर्बीचा विजेता, आणि वहीत त्याला जागा नाही!

हा नियम मोडकळीला आणणाऱ्यांत एक घोडा बडोद्याच्या महाराजांचा होता, हे मराठी माणसाला माहीत असायला हवं. 'माय बाबू'नं १९४८ साली टू थाउजंड गिनीज ही इंग्लंडातली मोठी शर्यत जिंकली आणि त्याच्या वंशात हाच 'दरबार' होता. त्याच साली सेंट लेजर ही तिथली दुसरी मोठी शर्यतही एका 'हाफब्रेड'नंच नेली. १९४९ मध्ये नियम मागे घ्यावा लागला.

याच महाराजांनी १९४५ साली एका वर्षाच्या शिंगराला २८,००० गिनी (इंग्लंडातलं जुनं चलन) मोजल्या. तेव्हाचा तो उच्चांक होता. नाव ठेवलं 'सयाजीराव', आणि १९४७ ची सेंट लेजर त्यानं जिंकली. त्याच्यावर बसलेला ऑस्ट्रेलियन जॉकी मुंबईकरांच्या ओळखीचा होता. १९४३ साली महालक्ष्मीवर झालेली पहिली इंडियन डर्बी बडोद्याच्या महाराणींच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल'नं जिंकली, तेव्हा तिच्यावरही तोच होता.

महालक्ष्मीच्या जागेचं सगळ्यांना माहीतच आहे. २०२४ च्या निर्णयानं २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानाकडे जात आहेत. वही मात्र टिकून आहे. आता शिंगराच्या आईबापांचा पडताळा डीएनए तपासून होतो, मगच ती दोन नावं रेसबुकात येतात.