हाडांची घनता चाचणी

हाडांची घनता चाचणी : हाडांत कॅल्शियमसारखी खनिजे किती दाट भरलेली आहेत हे मोजणारी क्ष-किरण तपासणी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती ‘डेक्सा’ किंवा ‘बीएमडी’ अशी लिहिलेली असते. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून सोडतात. हाड आणि मांस हे दोन्ही किरण कमीजास्त अडवतात. त्या फरकावरून मांस-चरबीचा वाटा वजा करून हाडाचा हिशेब काढला जातो आणि तो दर चौरस सेंटिमीटरला इतके ग्रॅम असा लिहिला जातो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही यंत्रे वापरात आली.

हाडे ठिसूळ होताना दुखत नाहीत, म्हणून ही चाचणी लागते. गुडघे दुखतात म्हणून ‘हाडं तपासून घेऊ’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण गुडघेदुखी बहुधा कूर्चा झिजल्याची असते, तिचा घनतेशी संबंध नाही. पाळी गेलेल्या किंवा कमी वयात दोन्ही अंडाशय काढलेल्या बाया, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे दम्याचे व संधिवाताचे रुग्ण, किरकोळ पडण्याने मनगट मोडलेले, उंची काही सेंटिमीटरने घटलेले लोक, यांना ती खरी उपयोगी. ‘पिशवी (गर्भाशय) काढली’ एवढेच सांगून भागत नाही. अंडाशय ठेवले की काढले, हे डॉक्टरांना कळायला हवे.

नागपूरच्या उन्हाकडे बोट दाखवून ‘आमच्याकडे ड जीवनसत्त्वाची काय कमी’ असे म्हटले जाते. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा माणसे घरात, कूलरसमोर असतात. बाहेर पडलेच तर दुचाकीवर डोळ्यांखेरीज सगळे दुपट्ट्यात गुंडाळलेले. त्वचेला ऊन लागतच नाही. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाड मऊ पडले तरी डेक्सात घनता कमीच दिसते. हाड ठिसूळ आहे की मऊ, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी रक्त तपासावे लागते.

आरोग्य शिबिरात टाच एका छोट्या यंत्रात ठेवून दोन मिनिटांत आकडा हाती देतात, ती ही चाचणी नव्हे. ते यंत्र ध्वनिलहरींवर चालते. धोक्याचा अंदाज म्हणून ठीक, पण तेवढ्यावर निदान करू नये आणि औषध तर मुळीच सुरू करू नये.

चाचणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. कॅल्शियमची गोळी मात्र आदल्या दिवसापासून बंद ठेवावी, कारण पोटात न विरघळलेली गोळी मणक्यासमोर आली तर आकडा फुगतो. नुकताच बेरियम पाजून एक्स-रे किंवा शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन झाला असेल, तर सहसा आठ-पंधरा दिवस थांबतात. गरोदरपणाची शंका असली तर आधीच सांगावे. धातू अंगावर नको : परकराला खोचलेल्या किल्ल्या, साडीची पिन, पँटची चेन, चांदीचा करदोडा. करदोडा हमखास विसरला जातो, आणि तो असतो नेमका कमरेच्या मणक्यांवर.

एमआरआयसारखा बोगदा इथे नाही, इंजेक्शनही नाही. उघड्या टेबलावर उताणे निजायचे. कमरेच्या मणक्यांसाठी पोटऱ्यांखाली फोमचा चौकोनी ठोकळा देतात, म्हणजे पाठ टेबलाला टेकते. खुब्यासाठी पाऊल आत वळवून पट्ट्याने बांधतात. खुबा दुखरा असेल तर एवढाच भाग जरा त्रासाचा. वरून यंत्राची भुजा सावकाश सरकते. दहा-वीस मिनिटांत काम संपते. किरणांची मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही बरीच कमी, म्हणून तंत्रज्ञ बहुतेकदा त्याच खोलीत बसून असतो.

अहवालात हिरवा-पिवळा-लाल पट्टा असतो आणि लोक लाल रंग पाहूनच घाबरतात. पाहायचा तो टी-स्कोअर : तरुण, निरोगी व्यक्तीच्या सरासरीशी तुलना. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४च्या निकषांनुसार उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ दरम्यान घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार. पाळी सुरू असलेल्या बायका आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यासाठी मात्र समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर वाचतात. यंत्र हाडाची जाडी मोजत नाही, फक्त पडलेल्या सावलीचे क्षेत्रफळ मोजते. त्यामुळे ठेंगण्या, बारीक बांध्याच्या बाईचे हाड प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा विरळ भासू शकते. उलट साठीनंतर मणक्यांना फुटलेले हाडाचे कोंब आकडा खोटाच वाढवतात. अशा वेळी खुब्याच्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवावा.

विदर्भात सिकलसेलचे (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) रुग्ण बरेच असल्याने इथे आणखी एक गुंता होतो. या आजारात मणके दबतात आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरते. दबलेला मणका किंवा असा खुबा मोजला तर आकडा फसवा येतो. म्हणून सिकलसेल असल्याचे तंत्रज्ञाला आधीच सांगावे. खराब झालेला भाग वगळून दुसरा भाग, गरजेप्रमाणे मनगटाजवळचे हाड, मोजता येतो.

उपचार सुरू असताना साधारण एक-दोन वर्षांनी चाचणी पुन्हा करतात. दोन-तीन टक्क्यांचा फरक झोपण्याच्या ढबीनेही पडतो, त्यामुळे तेवढ्यावरून औषध लागू पडले की नाही हे ठरत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी थेट जुळत नाहीत. भंडारा, गोंदिया, छिंदवाड्याहून नागपूरच्या रामदासपेठ-धंतोलीत येणाऱ्याने दरवेळी स्वस्त केंद्र शोधण्यापेक्षा आधीच्याच यंत्रावर जावे आणि जुना अहवाल, चित्रांसकट, पिशवीत घालून न्यावा.