तोच शब्द पुन्हा: पांडवलेण्यापासून येवल्यापर्यंत

शाळेत निबंधात एकच शब्द जवळजवळ दोनदा आला की आमच्या बाई त्याला लाल शाईने गोल करायच्या आणि समासात लिहायच्या, 'पुनरुक्ती'. त्याच शाळेची सहल नाशिकच्या पांडवलेण्यावर जायची. तिथल्या भिंतीवर केवढी पुनरुक्ती कोरलेली आहे, हे मात्र तेव्हा कोणी दाखवलं नाही.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर, सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. दिवंगत मुलाबद्दल, गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल, आई सांगते: 'एककुसस एकधनुधरस एकसूरस एकबम्हणस'. एकमेव अंकुश ठेवणारा, एकमेव धनुर्धर, एकमेव शूर, एकमेव ब्राह्मण. सुरुवातीचा 'एक' कानावर आदळतोच, पण मला जास्त आवडतो तो शेवटचा 'स'. ही षष्ठी आहे, आपल्या 'चा-ची-चे'सारखी. विशेषणामागून विशेषण येतं, प्रत्येक 'स'वर संपतं, आणि ऐकणारा वाट बघत राहतो: याचं काय, याचं कोण? मग शेवटी 'मातुय' हा शब्द येतो. आई. एवढा सगळा पराक्रम तिच्या नात्याला टांगलेला.

शास्त्रकारांनी या गोष्टीकडे बारकाईने पाहिलं होतं. पाणिनीच्या व्याकरणाचा, 'अष्टाध्यायी'चा, आठवा अध्याय 'सर्वस्य द्वे' (सगळ्याची दोन रूपं) या सूत्रानेच सुरू होतो. जोडीतल्या दुसऱ्या रूपाला त्याने 'आम्रेडित' असं वेगळं नाव दिलं. द्विरुक्ती कशासाठी, तर 'नित्यवीप्सयोः': क्रिया चालूच आहे हे दाखवायला, किंवा एकूण एक वस्तू कवेत घ्यायला. 'बोलता बोलता सीबीएस (नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक) आलं' हे पहिलं; 'पंचवटीत घरोघरी' हे दुसरं.

काव्यशास्त्रात पुनरुक्ती दोषांच्या यादीत बसली, हे खरं. बाई अगदीच चुकीच्या नव्हत्या. पण अपवादही लगोलग आले. नवव्या शतकात आनंदवर्धनाने प्राकृतातलं उदाहरण दिलं: सूर्यकिरणांची कृपा झाली की 'कमळं कमळं होतात'. पहिलं कमळ नुसतं फूल. दुसऱ्यात शोभा, सुगंध, सगळं आलं. अकराव्या शतकातल्या मम्मटाने उगवताना तांबडा आणि मावळतानाही तांबडाच असलेला सूर्य दाखवला. थोरांचं संपत्तीत आणि विपत्तीत एकच रूप असतं, हे सांगायचं तर शब्दही तोच हवा. तिथे 'लाल' घातला तर श्लोकच मोडेल.

शब्द तोच, अर्थ तोच, पण तात्पर्य निराळं, अशा आवृत्तीला 'लाटानुप्रास' म्हणतात. लाट देशातल्या लोकांना प्रिय म्हणून हे नाव. लाट म्हणजे दक्षिण गुजरात, आपल्या सुरगाण्यापलीकडचा मुलूख. शेजारच्यांचा अलंकार म्हणायचा! (यमक वेगळं: तिथे अक्षरं तीच, अर्थ बदलतो. परीक्षेत हमखास गोंधळ इथेच.)

नाशिकचे स्वातंत्र्यशाहीर कवी गोविंद यांच्या पदांमध्ये हेच काम पालुपदाने केलं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही दुसऱ्या कडव्यापासून साथ देता येते.

आणि मग येवला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालूनही दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं ते वाक्य लोकांच्या तोंडी असं आहे: 'हिंदू म्हणून जन्मलो, तरी हिंदू म्हणून मरणार नाही.' 'हिंदू म्हणून' दोनदा. अर्थामध्ये तसूभर फरक नाही. पण पहिल्यापुढे जन्म आहे, जो कोणाच्या हातात नसतो, आणि दुसऱ्यापुढे नकार. दुसऱ्या जागी 'या धर्मात' घालून म्हणून बघा, वाक्यातला पीळच जातो.

ते वाक्य खरं व्हायला २१ वर्षं आणि एक दिवस लागला: १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर.